भाव न करता घेतलेले बोंबील

मी मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या हातून जे झालं त्यात याचा वाटा आहे. मसोलीत आमचं घर, मागे चिकूची चार झाडं, आणि घरात आजतागायत मासळीचं भांडं चुलीवर चढलेलं नाही. तलासरीच्या एका सरकारी केंद्रात मी समुपदेशक आहे. चाचणीला आलेल्या माणसाला आधी समजवायचं, मग निकाल सांगायचा, आणि रक्तात एचआयव्ही निघालाच तर तो माणूस रोजची गोळी आयुष्यभर घेतो आहे ना, इकडे लक्ष ठेवायचं. आमचे हे म्हणतात, हिला बोलायचा पगार मिळतो. खरं आहे. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. कुठे गप्प बसायचं, ते मात्र मला नेहमीच उशिरा कळत आलंय.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. जेवणानंतरचा तास, वर पंखा कुरकुरतोय, निम्मे लोक पेंगताहेत. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर एक पेशी काढली. चारी बाजूंना फांद्या फुटलेली. नाव सांगितलं, डेंड्रायटिक सेल. ती कातडीत बसते, शरीराच्या आतल्या ओल्या अस्तरांत बसते, म्हणजे जिथून बाहेरचं काही आत शिरू शकतं नेमकी तिथे. फांद्या पसरून येणारं-जाणारं सगळं चाचपते. काही परकं हाती लागलं की गिळते, त्याचे तुकडे करते आणि ते तुकडे आपल्याच अंगावर बाहेरून लावून घेते. मग जागा सोडून निघते ती काखेतल्या, जांघेतल्या, गळ्यातल्या गाठींकडे. तिथे सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, लढाईचा हुकूम देणाऱ्या. त्यांना ती तुकडे दाखवते की असं असं काही आत आलंय, ओळखून ठेवा. तिने जाऊन दाखवल्याशिवाय नव्या शत्रूविरुद्ध ही फौज उठत नाही.

‘आता एचआयव्हीचं बघा,’ बाई म्हणाल्या. आलेल्या विषाणूंपैकी काही ती तोडते, त्यांचे तुकडे नेऊन दाखवते, आणि शरीर खरोखरच लढायला उठतं. पण काही विषाणू तिच्या अंगाला चिकटून, तिच्या घड्यांमध्ये लपून, अख्खेच्या अख्खे राहतात. ती स्वतः सहसा त्यांना बळी पडत नाही, म्हणून तिला फारसा पत्ताही लागत नाही. त्यांना घेऊनच ती गाठीत पोचते. ज्या सीडी-फोर पेशीला सावध करायला ती खेटून उभी राहते, तिच्याच अंगावर ते उतरतात. एचआयव्हीला हव्या असतात त्या नेमक्या याच पेशी. ज्या पेशीला पहाऱ्यावर बसवलं, तीच त्याला घरापर्यंत सोडून येते.

मी ते चित्र वहीत उतरवून घेतलं. वही अजून आहे माझ्याकडे. खरं सांगायचं तर मला त्या पेशीचा राग आला. एवढी पारख असलेली, आणि आपल्या अंगाला काय चिकटलंय ते कळू नये? शेजारच्या बाईंना मी तसं म्हणालेही. त्या झोपेतून दचकून म्हणाल्या, ‘कुणाचा राग आला?’

जिच्याबद्दल सांगतेय ती बाई पहिल्यांदा आमच्या केंद्रात आली तेव्हा तिचा ताप हटत नव्हता. तिशीची असेल. चिंचणीची, सुकी मासळी विकणारी. तलासरीच्या आठवडी बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. दोन गाड्या बदलून यायची, टोपली घेऊन. निकाल सांगितला तेव्हा ती रडली नाही. तिचा पहिला प्रश्न होता, ‘गोळ्या इथंच मिळतील ना?’ चिंचणीहून जवळ दुसरं केंद्र होतं, पण तिथे ओळखीचं कुणी भेटेल याची तिला धास्ती. आमच्याकडे असे पुष्कळ येतात. घरापासून जितकं लांब तितकं बरं, मग एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. तिचा तर बाजारच इथे होता, त्यामुळे घरी कारण सांगायचीही गरज नव्हती. टोपली उतरवून दाराशी ठेवायची, आत यायची, गोळ्या घ्यायची आणि जाऊन आपल्या जागेवर बसायची.

गोळ्यांची बाटली ती जवळ्याच्या डब्यात ठेवायची. सुकवलेली बारीक कोळंबी, आमच्याकडे त्याला जवळा म्हणतात. ‘त्या डब्यात माझ्याशिवाय कोन हात घालत नाय,’ म्हणाली. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली बाटली, वर वीतभर जवळा. मी म्हटलं, गोळीला वास लागेल गं. ती म्हणाली, ‘ताई, वास तुला येतो. आमाला कुठं येतो?’

गोळी रोज का घ्यायची, एकही का चुकवायची नाही, हे सगळ्यांना समजवावं लागतं. मी आपली ती वही काढायची. तिलाही फांद्यांची पेशी दाखवली, ती कशी दारात बसून प्रत्येकाला चाचपते, ते सांगितलं. तिने चित्राकडे नीट बघितलं आणि फसकन हसली.

‘ही तर आमची सासू!’ म्हणाली. ‘होडी लागली की सगळ्यांच्या आधी ती हजर. एकेका माशाचा कल्ला उघडून बघते. तिला फसवून कोन शिळा मासा देऊन दाखवावा. आणि मग गावभर सांगणार, आज काय आलं ते.’

मीही हसले. मग ती एकदम गंभीर झाली. ‘म्हनून सांगते ताई, तू माझ्या घरी कधी येऊ नको. तिच्या नजरेतून काय सुटत नाय.’

मी कबूल केलं. तोंडाने कबूल केलं. आमच्या अर्जावर घरी भेट दिलेली चालेल का, असा एक रकाना असतो. तिथे तिच्यादेखत ‘नाही’ लिहिलं.

तिचं औषध छान लागू पडलं. दोनेक वर्षांत तिच्या रक्तात विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली गेला. अशी गोळी चालू ठेवलीस तर तुझ्यापासून नवऱ्याला हे जाणार नाही, असं मी तिला सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. पण नवऱ्याचीही चाचणी व्हायला हवी होती. तो होडीवर जाणारा माणूस, तापट. तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. ‘नारळी पौर्निमा होऊ दे. दर्याला नारळ दिला, होड्या सुटल्या, की तो खुशीत असतो. तवा सांगते. हाताला धरून हितं घेऊन येते. पन मी सांगनार. दुसऱ्या कोनाच्या तोंडून त्याला कळलं तर माझा संसार संपला, ताई.’

हे बोलणं मार्चमधलं. मे महिन्यात आगोटीचा बाजार भरला. पावसाळ्याची बेगमी करायला पाड्यापाड्यांतून माणसं उतरतात, सुक्या मासळीला तेव्हा उठाव असतो. आमच्याकडेही त्या दिवशी रीघ. ती आली, टोपली दाराशी, घामाघूम. उभ्या उभ्या तिने काहीतरी विचारलं. मी लिहिता लिहिता उत्तर दिलं, कागद दिला, गोळ्या दिल्या, ती गेली. नंतर मी किती डोकं खाजवलं, पण काय विचारलं होतं ते मला आठवेना.

जून गेला, ती आली नाही. जुलै सरत आला, तरी नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे दोन महिने कोरे. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. पावसात सुकी मासळी बाहेर काढली की ओल धरते, त्यामुळे या दिवसांत ती बाजाराला येत नसे; आधीच्या पावसाळ्यांत काहीतरी निमित्त काढून फक्त गोळ्यांपुरती येऊन जायची. हे मला माहीत होतं. पण गोळ्यांचं काय? गोळी मध्येच तुटली की विषाणू पुन्हा उसळतो, आणि कधी कधी असा उसळतो की जुनी गोळी त्याला जुमानत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी विवळवेढ्याजवळच्या एका पाड्यावरचा तरुण असाच यायचा थांबला होता. येईल, येईल, करत मी बसून राहिले. शेवटी त्याची आई आली, ती त्याचं कार्ड परत द्यायला. ‘आता लागनार नाय,’ एवढंच म्हणाली. त्या कार्डाने माझी झोप उडवली होती. या वेळी मी बसून राहणार नव्हते.

रकान्यातलं ‘नाही’ मला दिसत होतं. मी स्वतःची समजूत घातली की मी केंद्रातली बाई म्हणून जाणारच नाही, मासळी घ्यायला म्हणून जाईन. गिऱ्हाईक कुणाच्याही दारात जातं. संधी मिळाली की दोन शब्द विचारीन आणि निघीन. माझ्या या हुशारीचं मला कौतुकसुद्धा वाटलं, आता लिहितानाही लाज वाटते.

चिंचणीत त्या दिवशी पाऊस उघडला होता. होड्या किनाऱ्यावर ओढून, प्लास्टिकने झाकून ठेवलेल्या. बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव रिकामे उभे. तिचं घर विचारत विचारत गेले तर ओट्यावर सासू जाळं विणत बसलेली. सत्तरीची, सडसडीत, हातातली सुई न थांबवता बघणारी. मी म्हटलं, ‘मावशी, सुके बोंबील मिळतील का?’

‘कुठनं आलीस, बाय?’

‘मसोलीहून.’

‘मसोलीला बोंबील नाय?’

‘तुमच्याकडचे चांगले असतात, असं ऐकलं.’

ती उठली. आतून पिशवी आणली, गाठ सोडली. मी पाव किलो मागितले. तिने भाव सांगितला, मी पर्स उघडून पैसे काढले. एवढ्यात आतल्या दारात तिची सून आली. मला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. तोंडावरचा रंग उतरला. चोरी पकडली गेल्यासारखी दिसली मला. मी मनात म्हटलं, बघ, सोडल्याच आहेत हिने गोळ्या. तिने मान अगदी जराशी हलवली आणि आत गेली. तिच्या मागे स्वयंपाकघरातली फळी दिसत होती, फळीवर पत्र्याचा डबा. माझी नजर त्या डब्यावर गेली आणि तिथेच राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. भानावर आले तेव्हा सासू पैसे हातात धरून माझ्याकडे बघत होती.

‘आनखी काय पायजे?’ तिने विचारलं.

‘नको, मावशी. येते.’

बोलायची संधी मिळालीच नाही. तरी परतताना गाडीत मला वाटत होतं, निदान कुणाला काही कळलं तर नाही. आपण गेलो, हे तिने बघितलं, आता ती शरमेने का होईना, येईल. बोंबलांचा वास सगळ्या गाडीभर झाला होता. डहाणूला उतरल्यावर मी ते एका फळवालीला देऊन टाकले.

ती आली नाही. ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये नाही. नारळी पौर्णिमा होऊन गेली. दुसऱ्यांदा चिंचणीला जायचा धीर मला झाला नाही. चिंचणीकडच्या केंद्रातल्या लोकांना निरोप देता आला असता, पण निरोप म्हणजे आणखी एक तोंड. मी इतरांना समजवत राहिले, वही काढत राहिले. मात्र पेशीची गोष्ट निम्म्यावर थांबवू लागले. ती तुकडे नेऊन दाखवते, इथपर्यंत सांगायची. पुढचं न सांगता वही मिटायची.

पाऊस संपला, ऊन पडायला लागलं, आणि ऑक्टोबरात एका बाजाराच्या दिवशी मी बाहेर आले तर तिच्या जागेवर टोपली दिसली. जवळ गेले. टोपलीमागे सासू बसलेली होती.

तिने मला लगेच ओळखलं. आजूबाजूला चार बायका, दोन्ही बाजूंना विकणाऱ्या. ती मोठ्याने म्हणाली, ‘जवळा घेतेस का, बाय? चांगला हाय.’ आणि मांडीशी ठेवलेला पत्र्याचा डबा पुढे सरकवला. तोच डबा.

मी हो म्हणाले. तिने भाव सांगितला. मी पर्समध्ये हात घातला तशी ती दातओठ खाऊन, हळूच म्हणाली, ‘भाव कर.’

मला कळेना. तिने डोळे वटारले. मग मी म्हटलं, ‘एवढा? कमी करा की, मावशी.’ ती ओरडली, ‘परवडत नाय!’ मी आणखी कमी मागितला. ती हात उडवून म्हणाली, जा दुसरीकडे. मी जायला निघाले, तिने परत बोलावलं. आयुष्यात कधी मासळीचा भाव न केलेली मी भर बाजारात घासाघीस करत होते आणि माझे डोळे भरून येत होते. शेजारच्या बायकांनी आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग सासू पुढे वाकली आणि जवळा चाचपण्याच्या निमित्ताने माझ्या कानाशी बोलली.

‘त्या दिशी असा भाव केला असतास, तर मला काय कळलं असतं? जलमभर मासळी इकली मी. भाव न करता, वास न घेता, बोंबील मोडून न बघता पैसे देनारी बाई मासळीला आलेली नसते. मग कशाला आली? तर माझ्या डब्याकडं बघत होती.’

मी विचारलं, ती कुठे आहे.

‘तू गेलीस आनि मी डबा उघडला. बाटली हाती आली तरी मला काय समजना, कसली गोळी. पोराला दाखवली. त्यानं कोनाला तरी इचारलं.’ तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. ‘मी तिला जा नव्हतं म्हटलं, बाय. तो ऐकला नाय. माहेरी गेली, तर तिथं भावानं ठेवली नाय. आता कुठं हाय, कोनाला म्हाईत नाय. तिचं ह्या डब्यात हाय सगळं. तुला सापडली तर दे.’

मग ती सरळ बसली, पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायला लागली.

मी डबा उचलून केंद्रात आले आणि खुर्चीवर बसून राहिले. स्वतःला काही न होता ती पेशी चालत जाते, आणि जिच्याजवळ जाऊन उभी राहते तिचा घात होतो. फळ्यावरच्या त्या पेशीवर रागावणारी मी. हल्ली वाचनात येतं की ती पेशी माणसाच्या रक्तातून काढून, बाहेर शिकवून, पुन्हा अंगात सोडायचे प्रयोग चाललेत, म्हणजे ती एचआयव्हीविरुद्ध शरीराला नीट तयार करेल. अजून त्यातून खात्रीचं औषध हाती आलेलं नाही. मला शिकवायला कुणी कमी केलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर डबा उघडला. वीतभर जवळा, खाली तीन पिशव्या, आत बाटली. बाटलीभोवती एक कागद गुंडाळलेला होता. उलगडला तर अक्षर माझंच. ‘पावसाळ्यात येणे शक्य नाही. कृपया आपल्या केंद्रातून गोळ्या द्याव्यात.’ खाली माझी सही, तारीख मे महिन्याची, आगोटीच्या बाजाराच्या दिवसाची. आणि त्याच्याखाली चिंचणीजवळच्या त्या दुसऱ्या केंद्राचे शिक्के, एक जूनचा, एक जुलैचा.

उभ्या उभ्या तिने हेच विचारलं होतं. मी कागद लिहून दिला होता आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची राहून गेली होती. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती पोटात घेऊन ती माझा कागद दाखवत दोन महिने त्या रांगेत उभी राहिली होती.

गोळ्या मोजणं हे माझं रोजचंच काम. बाटली टेबलावर पालथी केली आणि जुलैच्या शिक्क्यापासून दिवस धरत गेले. मी तिच्या दारात गिऱ्हाईक होऊन उभी राहिले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिने एकही गोळी चुकवली नव्हती.